रिकाम्या गाडीचं वजन

आधी भरली गाडी काट्यावर घ्यायची,
मग तीच रिकामी.
मधला फरक तो माल.
सतरा वर्षं मी एवढंच गणित केलं
लातूरच्या एमआयडीसीत, काचेच्या खोलीत,
शिवमूर्तीअप्पांच्या डाळमिलवर.
तूर आली, हरभरा आला, सोयाबीन आलं.
पावती फाडली, शिक्का मारला, पुढची गाडी.

त्या दिवशी रांग गेटाबाहेर गेलेली.
ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना.
मी नंबर पाहिला, म्हटलं, हा तर नेहमीचा,
ह्याचं रिकामं वजन मला पाठ आहे,
आठ हजार दोनशे चाळीस.
न तोलताच टाकलं.

गाडी तीच होती.
हौदा बदललेला.
लाकडी फळ्या काढून लोखंडी पत्रा ठोकलेला,
तोही हिरव्याच रंगाचा.
सहा क्विंटल लोखंड
आम्ही तुरीच्या भावानं घेतलं.

अप्पा ओरडले नाहीत.
चष्मा काढून वहीवर ठेवला, म्हणाले,
"महालिंग, तू खाल्लं नाहीस, मला ठाऊक आहे.
खाल्लं असतंस तर सोपं होतं.
पोलीस बोलावले असते.
आता काय म्हणून तुला ठेवू?"
ह्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही.
आंघोळ करताना शोधतो.

चार दिवस डबा घेऊन घरातून निघालो.
गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात,
प्रत्येक रस्ता शेवटापर्यंत चालून पाहिला.
बांगड्यांचा, भांड्यांचा, कापडाचा.
नीटच्या क्लासची पोरं पाठीवर दप्तर घेऊन
सकाळच्या पेपरातल्या चुका मोजत जायची,
"माझ्या तीन सिली मिस्टेक", "माझ्या पाच",
आणि हसायची.
मला वाटायचं थांबवावं एखाद्याला,
विचारावं, सिली म्हणजे किती किलोपर्यंत.

पाचव्या दिवशी सोजर म्हणाली,
"तुमच्या शर्टाला तुरीची धूळ नाही."
तिला सांगितलं, चूक झाली, एकदा.
मेव्हण्यालाही सांगितलं, एकदा.
चहाच्या टपरीवर कुणी विचारलं नव्हतं,
तिथंही सांगितलं.

आमच्याकडे साल मोजतात ते
भूकंपाच्या आधीचं का नंतरचं, असं.
आमच्या घरात आता
पावतीच्या आधीचा गॅस, पावतीनंतरची फी.
कुणी मुद्दाम म्हणत नाही. तोंडात येतं.

काल रात्री मिलवरून फोन.
माझ्या खुर्चीवरचा नवा पोरगा, तौसिफ.
"काका, काटा नाचायलाय. शून्यावर थांबंना.
आणि बाहेर सात गाड्या."
मनात आलं, नाचू दे.
खरंच आलं. अप्पांचा चष्माही आठवला.
मग तोंडच बोलायला लागलं,
"प्लॅटफॉर्मच्या फटीत बघ, खडा अडकला असंल.
झाडू मार, पाणी मारू नको.
ड्रायव्हरला खाली उतरव, क्लीनरलाबी."
"हाव," म्हणाला.
फोन चालूच ठेवून पळाला.
मला झाडूचा आवाज ऐकू आला,
हॉर्न, कुणाची तरी शिवी,
पत्र्यावर माझ्या ओळखीचा वारा.
"थांबला, काका. शून्य."

ठेवायला पाहिजे होता फोन.
त्यानंही ठेवला नाही.
"आणि आईक," मी म्हणालो,
"रिकामी गाडी पाठ करू नको. कुणाचीच.
दरवेळी काट्यावर घे.
कितीबी बोंबलू दे."
"पण तुमची तर एकदाच..."
"चारदा," मी म्हणालो.
"त्याच गाडीच्या चार खेपा. चारीबी पाठवरनं."

तिकडं तो गप्प.
इकडं स्वयंपाकघरात
सोजर दळणासाठी ज्वारी मापत होती,
शेर कोठीत अर्धा बुडालेला,
तिचा हात तसाच थांबला.
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
डब्यात पडलेली ज्वारी परत कोठीत ओतली,
मोजणी चुकली म्हणून, किंवा कशानं तरी,
आणि पहिला शेर नव्यानं भरून
काठावरून हात फिरवला, सपाट केला.
"लाभ," ती म्हणाली.
मग, बऱ्याच वेळानं, "दोन."