मुद्दा क्रमांक एक

अपिलाच्या मसुद्यात
पहिली जागा मी नेहमी मोकळी सोडतो.
आकड्यांचं भांडण दोनपासून पुढं.
एक हा आकडा मांडणाऱ्यासाठी:
तुम्ही कोण?

बाळगोंडा मगदुमांचं बेदाण्याचं गोदाम बोळाच्या अलीकडं,
नोंदलेली पेढी बोळाच्या पलीकडं.
एक टेबल, एक पंखा, मागल्या वर्षीचं कॅलेंडर.
मधला बोळ सात फुटांचा,
टेम्पो उलटा लावावा लागतो.

येरणेबाई भंडाऱ्याकडच्या.
वॉर्ड दोनला येऊन सात महिने झालेले.
ऐन मे महिन्यात शाल गुंडाळून
कोल्ड स्टोरेजमध्ये उतरल्या
आणि पेट्या मोजल्या. स्वतः.
पेटीला एक खडूची रेघ.
हमाल सांगतात, नाक पुसायच्या आणि मोजायच्या,
मोजायच्या आणि नाक पुसायच्या.
चार हजार एकशे बारा.
मगदुमांच्या वहीत एकोणीसशे.

नोटीस आली तशी मी अधिसूचना काढली.
वॉर्ड दोन आणि तीनची हद्द
एका ओळीत लिहिलेली: बोळाच्या मध्यापासून.
रविवारी पोऱ्याला घेऊन गेलो, टेप लावली.
माल दोनमध्ये, पाटी तीनमध्ये.
आणि अधिकार पाटीबरोबर जातो,
मालाबरोबर नाही.

हरकतीला मुदत तीस दिवस.
अठ्ठाविसाव्या दिवशी टपाल टाकलं.
बाईंनी चार ओळींत ती फेटाळली
आणि तेवीस पानांचा आकारणी आदेश काढला.
मी तो दोनदा वाचला, हातात पेन्सिल घेऊन.
पेन्सिल कुठंच टेकली नाही.
इतकं स्वच्छ काम
माझ्या हाताखालच्या एकाही पोराकडून
तीस वर्षांत मला करून घेता आलं नाही.

कोल्हापुरात हरलो.
पुण्यात अकरा मिनिटं लागली.
मूळच नाही तिथं फांदी कसली, मी म्हणालो.
पेट्यांचा विषय निघालाच नाही.
तेवीस पानं, सहीशिक्क्यासकट,
जन्मलीच नव्हती असं ठरलं.

"जिंकलो की ओ, आवटी सायेब!"
मगदुमांनी अख्खी पेटी पाठवली,
हिरवा बेदाणा, लांब मण्याचा.
पुठ्ठ्यावर खडूची रेघ होती.
कुणाच्या तरी हातून पुसायची राहिलेली.

मग एकदा, मेहुणीला सोडायला स्टेशनवर गेलेलो,
महाराष्ट्र एक्सप्रेस यायची होती.
दोन बॅगा, एक पाण्याची बाटली, येरणेबाई.
बदली. गावाकडंच मिळाली म्हणाल्या.
आणि मग, जेवण झालं का विचारावं तशा आवाजात:
"आकडा चुकला होता काय, वकीलसाहेब?"

मी वकील नाही, कर सल्लागार.
तेवढं आधी दुरुस्त केलं.
मग म्हणालो,
तो मुद्दा अपिलात नव्हता.

बाईंनी मान हलवली,
पावती मिळाल्यासारखी.
गाडी सांगलीला फार थांबत नाही.
त्या दिवशी थांबली.
मेहुणी खिडकीतून काहीतरी सांगत होती, डब्याचं झाकण, औषध,
मला ऐकू आलं नाही.

आता येरणेबाई ना दोनमध्ये, ना तीनमध्ये.
त्यांची सही माझ्यापर्यंत पोचत नाही.
माझी आकारणी करायचा अधिकार
त्यांना कुठल्या कलमाखाली आला,
असा मुद्दा काढता आला असता. सोपा होता.
मुदत नेहमीचीच, तीस दिवस.
अठ्ठाविसावा गेला. एकोणतिसावा रविवार.
तिसाव्याला पोस्टावरून दोनदा गेलो,
एकदा तर तिकिटंही घेतली.

हरकत घेतली नाही.

बेदाणा ऑफिसातल्या पोरांनी कधीच संपवला.
पुठ्ठा तेवढा मी कापून घेतला
आणि मगदुमांच्या फायलीत लावला,
पोचपावतीच्या मागं.