खाडीचा आकार

आमच्याकडे दिवसाला तास नसतात.
शहाण्णव तुकडे असतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे,
आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा.
दुपारी एकचा तुकडा दोन रुपयांना पडतो,
राजस्थानातलं ऊन तेव्हा कुणालाच नको असतं.
रात्री साडेदहाचा दहा रुपये.
दहाच्या वर जायला परवानगी नाही, म्हणून दहा.

साडेदहाला या शहरातल्या झोपायच्या खोल्यांची दारं लागतात
आणि पडद्यावरची रेघ उठते.
कुणामुळे उठली ते दिसत नाही.
पवईचा बाविसावा मजला असेल,
किंवा असल्फ्याची पत्र्याची खोली,
जिथे हप्त्यावर आणलेला एसी आज पहिल्यांदा अठरावर लावलाय
आणि एका चादरीत चार पोरं
मे महिन्यात थंडी वाजते म्हणून खिदळतायत.
मला फक्त मेगावॉट दिसतात.
आणि पन्नास. पन्नासचा आकडा हलू द्यायचा नसतो.
एकोणपन्नास पॉइंट नऊ झालं
की टिपणीससाहेब चहा खाली ठेवतात.
आणखी घसरलं की फोन उचलतात,
मग एखादा संच दोन घास जास्त खातो.
कोळसा बोटीने आलेला, डॉलरने मोजलेला,
बऱ्याचदा ओला. ओलीचेही पैसे पडतात.

सातला पाळी सुटते.
गेटसमोर चांगुणाबाई वैती पाटी मांडून असते.
आज बांगडे. भाव विचारला तर माझ्याकडेच बघते.
"बर्फाची लादी परत वाढली.
कारखान्यावाला बोलतो, लाइट म्हाग झाली.
लाइट तर तूच बनवतस ना?"

मी सांगत बसलो.
करार, वाहिन्या, बोटीचं भाडं, रात्रीची मागणी.
तिने ऐकलं, सत्यनारायणाची पोथी ऐकतात तसं,
हात खवले काढत राहिले.
मग म्हणाली, तिचा नवरा इथंच, या पाइपांच्या पलीकडे
पाग टाकायचा.
"तवा बर्फ कशाला लागतोय?
मासली उड्या मारत घरी यायची."
आता पहाटे तीनला टेंपो करून भाऊच्या धक्क्यावर,
तिथून बर्फात, इथे बर्फात.

मला एक माहीत होतं ते मी बोललो नाही.
संच तापतात म्हणून आम्ही खाडीचं पाणी आत घेतो
आणि ऊन करून परत सोडतो.
नियमात बसेल इतकंच ऊन. रोज नोंद होते, सही माझी असते.

बिल माझ्या खिशातच होतं, घरचं, न भरलेलं.
स्थिर आकार.
वहन आकार.
इंधन समायोजन आकार.
दोनदा वाचलं, बसथांब्यावर उभ्या उभ्या.
खाडीचा आकार त्यात कुठेच नव्हता.

निघताना तिने न मागता मूठभर बर्फ पिशवीत टाकला होता.
"घरी जाईपर्यंत टिकल."
पैसे घेतले नाहीत त्याचे.

टिकला नाही. चेंबूर नाक्याच्या आधीच पिशवी गळायला लागली,
शेजारच्या माणसाने पाय बाजूला घेतला.
सवयीने घड्याळ पाहिलं.
सात बावन्न.
बत्तिसावा तुकडा.
भाव तीन रुपये चाळीस.