सुतळी

घणसोली गावात, वैकुंठ भोईरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर
आम्ही एकोणीस जण.
ग्रुपवर होतो बावन्न,
बाकीच्यांनी अंगठा दाखवला.

जिना चढताना वैकुंठ सांगत होता,
हे साडेबारा टक्क्यांचं, हे वरचं नंतर वाढवलेलं,
आणि खाली तू गाडी लावलीस ना,
तिथपर्यंत भरतीला पाणी यायचं.

दारात जागृती नावांची लेबलं चिकटवत होती.
माझ्यावर तिने लिहिलं, विभावरी केळशीकर.
सत्तावीस वर्षं हे आडनाव
फक्त मुलाच्या बँकेतल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर होतं.
मी ते कुर्त्यावर दाबून धरलं,
कडा सुटतच राहिल्या.

मग कोणाची शुगर, कोणाचा स्टेंट,
कोणाची मुलगी कॅनडात,
पावसकरचे केस कुठे गेले ते पावसकरनेच सांगितलं.
बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी.
मला वेगळी वालाची उसळ,
'तू अजून तीच ना' म्हणून केलेली.

मी तीच असावी, असं मलाही वाटत होतं.

तेवढ्यात पलीकडून मोईज ओरडला,
अगं, तो खेकडा!
आणि सगळी गच्ची माझ्याकडे वळली.

दुसरं वर्ष, स्टॅटिस्टिक्सचा तास.
नातू सर फळ्याकडे तोंड करून
सरासरीपासून कोण किती लांब ते समजावत होते
आणि त्यांच्या चपलेपाशी
मूठभर, चिखलाच्या रंगाचा,
आडवा आडवा.

तू सोडलास! कसली होतीस तू!

मी?
झुरळ दिसलं की शेजारच्यांची बेल वाजवणारी,
शहाण्णव साली मिळालेलं पुण्याचं प्रमोशन
वडिलांना विचारून नाकारणारी,
रांगेत कोणी मध्ये घुसलं तर
'जाऊ द्या' म्हणणारी, मागच्यांच्याही वतीने.

खेकडा आणला होता शुभदा तांडेलने, दिव्याच्या मामाकडून.
ती समोरच बसलेली.
दोन बोटांनी बांगड्याचा काटा काढत होती, निवांत.
मान वर नाही.

मग मी म्हटलं, हो. मीच.
आणि सांगतच सुटले,
डबा स्टीलचा होता, वास सुटलेला,
सर टेबलावर चढले.
सर टेबलावर चढले नव्हते,
पण आता चढले.
इतकी माणसं हसली
आणि कारण मी होते.

खोटं इतकं उबदार असतं
हे पन्नाशीनंतर कळलं.

साडेदहाला खाली, गाड्या काढताना
शुभदा जवळ आली. लेबल तिने पर्सवर चिकटवलेलं.
मी म्हटलं, सॉरी गं, तुझा खेकडा मी ढापला.
ढापलास कसला, ती म्हणाली,
मी त्याच्या नांग्या सुतळीने बांधून आणलेल्या,
घरी न्यायचा होता,
भावाला सर्दी झालेली, रस्सा करायला.
सोडलास तूच.
बाकाखाली वाकून, अर्धा तास.
ब्लेड देत होते मी, तर नको म्हणालीस,
गाठ उलगडत बसलीस.
म्हणालीस, रुततंय गं त्याला.

घरी मार मी खाल्ला,
असं म्हणून तिने गाडीचं दार लावलं.

रबाळ्याच्या सिग्नलला हिरवा झाला
तरी मी थांबूनच होते.
मागचा ट्रक हॉर्न देत राहिला.
बाक आठवला. खाली वाकणं आठवेना.
अजून आठवत नाही.

ऐरोलीला पोचले तेव्हा सगळे झोपलेले.
ओट्यावर मिठाईचा खोका, यांनी आणलेला,
दोऱ्याने करकचून आवळलेला.
कात्री ड्रॉवरमध्ये असते. घरात सगळ्यांना माहीत आहे,
मी दोरा कापत नाही. हसतात मला.

लेबल कधी पडलं कोण जाणे.
दिवा न लावता मी नुसती उभी राहिले
आणि अंधारात
बोटं आपली आपण गाठीला लागली.