पाळीपाळीने

हवल्लीच्या तळघरातल्या दुकानात
अबू यझनने दोन कार्डं काउंटरवर ठेवली,
जुळी, वापरलेली,
पंख्याच्या पात्यांवर कुणाच्या तरी घरची धूळ.
एकाचे पंचवीस दिनार, म्हणाला, दोघांचे चाळीस.
रुबेनने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.
खिशाकडे पाहिलं.

घरी येऊन वरच्या फटीत एक, खालच्या फटीत एक,
मध्ये दोघांना जोडणारा बोटभर पूल.
सुरू केलं. गेममधला जंगलातला रस्ता
दहा मिनिटं दिसला,
मग काळोख.
पावलांचा आवाज मात्र येत राहिला.

त्यानंतर अकरा रात्री.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, त्याहून जुना घातला.
वरचं कार्ड खाली, खालचं वर.
बाहेर तूझ सुटलेला, धूळ भातात, कानात, पेटीत,
माझ्या दाढीच्या ब्रशने ती झाडली.
वरच्याचं तापमान त्र्याण्णव, खालचं एक्काहत्तर,
वरचं जगतं खालच्याच्या उच्छ्वासावर.
झाकण काढून टेबलफॅन लावला तरी
दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं.

मी एकोणीस वर्षं अहमदीत पंप दुरुस्त करतो.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची,
एवढं मला येतं.
रुबेनच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर लिहिलं :
पहिलं एकटं, चालतं.
दुसरं एकटं, चालतं.
दोघं, बंद.
खाली त्याने पेन्सिलीने लिहिलं, आपल्या घरासारखं,
आणि खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

जोविता संध्याकाळी सहाला निघते,
फरवानियाच्या वॉर्डात रात्रपाळी.
मी सातला पोचतो. पहाटे पाचला मी निघतो, आठला ती येते.
आमचं बोलणं फ्रीजवरच्या चिठ्ठीवर :
मासे साफ केलेत. फी भरली का. गोळी घे.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा
मी आणि रुबेन जमिनीवर, मध्ये पेटी उघडी,
दोघांचं एकमेकांशी भांडण होऊन गेलेलं.
एक बूट काढून ती तशीच वाकली,
ऑपरेशनच्या टेबलावर वाकावं तशी.
बोटाने वायरीचा माग काढत गेली.
'हे दोघं एकाच लाइनवर?'
पॉवर सप्लायमधून एक जाड वायर निघून
पुढे तिला दोन तोंडं फुटलेली,
एक याच्या तोंडात, एक त्याच्या.
'एवढ्याशा सुईवर दोन ड्रिप सोडलेत तुम्ही.
दोन्ही जोरात धावले की शीर बसणारच.'

पंपवाला गप्प.
दुसरी वायर पलंगाखालच्या बुटाच्या खोक्यात होती,
तिचं रबरबँडसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

दहा मिनिटं झाली. वीस. तास झाला.
दहाची मिस्सा चुकली.
जोविता सोफ्यावर झोपली, एका पायात बूट तसाच.
रुबेनने आवाज बंद केला.
हळू आवाजात मला सांगू लागला,
एक चित्र हे काढतं, पुढचं ते, पाळीपाळीने,
म्हणून आकडा दुप्पट झाला.
आकडा खरंच दुप्पट होता.
पण रस्त्यावरून चालणारा माणूस
मधेच थबकायचा, मग दोन पावलं एकदम टाकायचा.
हे का?
'दोन चित्रं जवळजवळ येतात, मग मध्ये भोक पडतं,' रुबेन म्हणाला.
'हे दुरुस्त होत नाही, डॅडी. सवय होते.'

तिच्या पायातला बूट मी काढला.
ती जागी झाली नाही.
मग वही उघडून शेवटची ओळ लिहिली :
वेगळ्या वायरी. दोघं चालतात.
थोडं अडखळतात.