विषय : कपड्यांचा दगड परत मिळणेबाबत

बाळकुमला विहिरीपाशी मेट्रोच्या खांबासाठी
खड्डा घेताना पोकलेनच्या दातांत
नामीबाई भोईरचा कपड्यांचा दगड आला.
चाळीस वर्षं तिनं त्याच्या पाठीवर
सासऱ्याची धोतरं आपटली, पोरांची लंगोटं,
नवऱ्याचे कंपनीचे निळे कपडे.
कंपनी बंद झाली,
रंग मात्र कितीतरी वर्षं उतरत राहिला.

दगड उलटला
तर पोटाशी चंद्र, सूर्य,
खाली झिजलेल्या नऊ ओळी
आणि ओळींखाली गाढव. गाढवाखाली एक बाई.
ऑपरेटर रामसजीवननं मशीन थांबवलं, चपला काढल्या,
हात जोडून जवळ गेला,
नीट पाहिलं,
आणि चपला घातल्या.

मला बोलावलं पंचनाम्याला.
निवृत्त तलाठी मी; पण सज्जातला नवा पोरगा
दगड कुठल्या रकान्यात बसवायचा इथंच अडला होता.
लांबी साडेतीन फूट. रुंदी सव्वा.
मालक :
(इथे पेन माझंही थांबलं.)

पुरातत्त्वच्या पोंक्षेबाई आल्या. चिखलात गुडघे टेकून
ब्रश फिरवत वाचू लागल्या.
अमुक शक, तमुक राजा,
चौदाशे गावांचं कोकण,
श्रीस्थानकी राज्य करीत असता
दिली एक वाडी, चतुःसीमेसह,
झाडांसह, पाण्यासह,
चंद्रसूर्य असेतो.
जो कोणी ही जमीन हिरावेल त्याच्या –
आणि गप्प झाल्या.
"शिवी हाय नं?" नामीबाई म्हणाली.
"वाचा की. लाजता कनाला?"

मी उभा जन्म सात-बारा लिहिला.
उत्तरेस नाला, दक्षिणेस गायरान,
पूर्वेस अमक्याचा बांध.
भाषा तीच.
आम्ही फक्त गाढव काढून टाकलं
आणि त्या जागी गोल शिक्का मारला.

"श्रीस्थानक म्हणजे हेच आपलं ठाणे,
राजधानी होती ही," पोंक्षेबाई म्हणाल्या.
नामीबाईनं मान वळवून पाहिलं :
पस्तीस मजले, त्यांच्या मागं चाळीस,
पत्र्याचं कुंपण, त्यावर हसणारं कुटुंब,
खाडीकडून येणारा ओहोटीचा वास.
"मंग राजा रवाचा कटं?"

पोंक्षेबाईंचा हात उठला तळ्याच्या दिशेनं,
मग किल्ल्याकडे, जिथं आता तुरुंग आहे,
मग कुठंच नाही,
आणि ओढणीपाशी परत आला.
"नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.
तेव्हापासून त्या बाई मला आवडतात.

सहाव्या दिवशी टेम्पो आला.
दगड गोणपाटात गुंडाळून नेला.
पावतीवर : शिल्प, नग एक.

आठव्या दिवशी नामीबाई माझ्या दारात,
एका हातात पावती, दुसऱ्या हातात रिकामी बादली.
"माजा दगर मना कवा देतील?
पोराच्या चौथ्या माल्यावं कपरं आपटले
का खालची बाय वरडते."

अर्ज लिहायला बसलो.
तिला सगळ्यांत वरचा साहेब हवा होता.
प्रति, मा. महासंचालक, नवी दिल्ली.
"ती पन राजधानीच नं?"
हो.
"कवापासना?"
मी चष्मा पुसला.
अधूनमधून, म्हणालो.

महोदय, उपरोक्त दगड अर्जदाराच्या वहिवाटीत
सासूच्या काळापासून असून,
त्यावरील मजकुराशी अर्जदाराचा संबंध नाही.
अर्जदारास फक्त त्याची पाठ हवी आहे.
पोटाकडची बाजू सरकारने ठेवून घेण्यास हरकत नाही.

अर्जदाराचा पत्ता.
हाताला काय झालं कोण जाणे,
लिहून गेला : श्रीस्थानक.
पोस्टमन गोंधळेल म्हणून खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, ठाणे पश्चिम, ४००६०८.

नामीबाईनं अंगठा उमटवला.
मी दाखवलेली जागा सोडून
बराच खाली,
दगडावर जिथं गाढव होतं
साधारण तिथं.