कलम सत्तावीस

नवी पेठेतल्या आमच्या दुकानात
'मला मान्य आहे' हे बटण हिरवं असतं
आणि ते दाबायला गिऱ्हाइकाला
तीन सेकंद लागतात.
मी मोजलंय. माझं कामच ते.

पोचय्या बोद्धूल, वय एकाहत्तर, राहणार साखर पेठ.
आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी टॉवेलात, टॉवेल काखेत.
जुना फोन काउंटरवर ठेवला,
काच अशी तडकलेली
की अर्धं नाव दिसायचं, अर्धं अंदाजानं.
मी म्हटलं, काका, हा देऊन टाका, नवा घ्या,
आज एक रुपया भरायचा नाही,
महिन्याला फक्त नऊशे नव्व्याण्णव, चोवीस महिने,
सिमचा प्लॅन त्यातच.
इथं बोट ठेवा.

त्यांनी बोट ठेवलं नाही.
खिशातून पितळी भिंग काढलं,
घडीचं, इंचभर खिडकीचं,
चादरीचे धागे मोजायचं.
चाळीस वर्षं जेकॉर्डचे पुठ्ठे पाडले म्हणाले,
आलेखावर एक चौकोन चुकला
की मोराची मान मोडते,
आणि मोडलेली मान मजुरीतून कापतात.
"तवा पोरी, बारीक असतंय तेच आदी वाचायचं."

मग वाचत बसले.
मागं चार माणसं उभी, त्यातला एक सारखा घड्याळ बघतोय,
मॅनेजर काचेआडून भुवया उडवतोय,
चहा आला, निवला, साय धरली,
स्क्रीन विझली की ते मला म्हणायचे,
"दिवा लाव की."

सत्ताविसाव्या कलमावर भिंग थांबलं.
मुदत संपण्यापूर्वी तीस दिवस
ग्राहकाने लेखी न कळविल्यास
सदर करार त्याच अटींवर पुढील बारा महिने
चालू राहील.
"म्हंजे?"
म्हणजे तुम्हाला काही करावं लागत नाही, काका. आपोआप होतं.

"आपोआप," ते म्हणाले,
भाकरीत खडा लागल्यासारखं थांबून.
"कारखान्यात बी आपोआपच व्हायचं बग.
दिवाळीला मालकाकडनं बाकी उचलायची,
वरीसभर फिटायची न्हाई,
फुडच्या दिवाळीला आपण गप.
गप म्हंजे हो.
एकोणीस दिवाळ्या गप होतो मी."

रागानं नाही बोलले. पाढा म्हणावा तसं.
मग विचारलं, लेखी कळवायचं कुठं?
मला माहीत नव्हतं.
दोन वर्षं हा करार विकतेय मी.
शोधून शोधून पत्ता सापडला, दिल्लीकडचा कुठला तरी,
पिनकोडात एक आकडा कमी.
ते हसले. टॉवेल झटकला.
समोरच्या टपरीवर चारशे रुपयांत काच बदलून घेतली
आणि जाताना आमच्या दारातूनच
कुणाला तरी फोन लावून बघितला.
तेलुगूत काहीतरी बोलले, मोठ्यानं, बराच वेळ.

त्या दिवशी माझं टार्गेट हुकलं.

रात्री विडी घरकुलात पोचले, जेवले,
आणि पेटीतून नेमणुकीचा कागद काढला.
अकरा महिन्यांचा.
सही माझी, तीन सेकंदांची, पळती.
भिंग नाही आमच्याकडे;
फोनच्या कॅमेऱ्यानं अक्षरं मोठी केली,
आमच्याच दुकानातून घेतलेल्या फोनच्या,
ज्याचे सात हप्ते बाकी आहेत.
कलम नऊ.
कर्मचाऱ्याने आक्षेप न घेतल्यास
त्याच वेतनावर.

आई तिकडे सुपात पानं कापत होती.
काय वाचतीस गं इतकं, म्हणाली,
कुणाचं लग्न ठरलं का काय?

भिंतीवर कॅलेंडर आहे.
दर पाचव्या दिवसाला आईनं गोल केलाय, नळाला पाणी येणार म्हणून.
गड्ड्याच्या आठवड्यात माझी मुदत संपते.
तिथून मागं मोजत आले, बोटानं, तीस घरं,
आणि तिथं पेन्सिलीनं एक चौकोन भरला
नीट, कडेबाहेर न जाऊ देता.

त्याच घरात गोलही होता.
म्हणजे त्या दिवशी पाणीही आहे.
रजा टाकावीच लागणार.