मधला य

परळ. पहाटेचे पावणेतीन.
इन्क्युबेटरचा पंखा आणि मी, दोघंच जागे.
थाळीतल्या पेशींना दोन थेंब दिले,
डोळा लावला, घड्याळ लावलं.

आधी हिरवा सगळीकडे,
ताकात कालवलेल्या पुदिन्यासारखा,
आणि मधोमध केंद्रक: काळं, रिकामं.
हिरवा म्हणजे रिसेप्टर. चमक आम्हीच चिकटवलीय,
दिसावा म्हणून.
एरवी तो बसून असतो, दंड धरून ठेवलेला,
लग्नघरात रुसलेल्या व्याह्याला धरून बसवतात तसा.

स्टेरॉइड बेल वाजवत नाही.
भिंत तेलाची, पाहुणाही तेलातलाच;
सरळ आत येतो, त्याच्या कुशीत शिरतो.
धरलेले हात सुटतात.

सातव्या मिनिटाला काळ्याच्या कडेला हिरवी धूळ.
विसाव्याला चित्र उलटं:
बाहेर अंधार, आत दिवा.

आत तो काय करतो ते दिसत नाही. माहीत आहे.
जोडीनं उभा राहतो, जस्ताची बोटं
खाचेत घालून चाचपतो
एक शब्द, दोन्हीकडून सारखा.
शाळेत म्हणायचो ना, चिमा काय कामाची,
तसला. मधला य कुणाचाच नाही,
आणि टोकाला वेलांटीचा एवढासा फरक.
चालतो तो. पेशी शुद्धलेखन तपासत नाही.
मग कुठलं पान उघडतं, कुठलं मिटतं.

हेमांगी, तुझ्या गोळीतही हेच.
नाश्त्यानंतर, चाळीस मिलिग्रॅम.
सांध्यांतली आग लिहिलेलं पान तिनं मिटलं,
माहीमचा जिना तू न थांबता चढलीस.
आणि दुसरीकडे पानं उघडत गेली:
चेहरा गोल, झोप नाही,
हाडांतला चुना उसना जातोय.
राऊतकाकू म्हणाल्या, बाळसं धरलंय गं पोरीनं.
तू हसलीस. नंतर आरशावर टॉवेल टाकलास.

मला विचारलंस, एवढं शिकलीस,
मिटायचं तेवढंच मिटेल असं काही नाही का?

पाच वर्षं तेच बघतेय, याच थाळ्यांत.
अजून नाही.
तोच शब्द हजार पानांवर लिहिलाय गं.

सव्वातीन. माझ्याही रक्तात आता
उजाडायच्या आधीचा भरणा सुरू झाला असेल,
कुणी न सांगता.
तू जागीच असशील. फोन करत नाही.

सोमवारपासून पस्तीस, डॉक्टर म्हणालेत,
एकदम बंद करायची नाही.
न विचारता आलेला हा पाहुणा
तसाच उठून जात नाही;
त्याला पोचवायला खाली उतरावं लागतं,
एक पायरी, थांबायचं,
मग दुसरी.